कापडाखालचं इंजिन

"विझंना की वो मेस्त्री! दिवा पेटलाय तो पेटलायच!"

हिंदुराव सीटवरून ओरडले आणि माझ्या सासऱ्यांनी हात वर करून इंजिन बंद करायची खूण केली. इंजिन थांबलं. साखर कारखान्याच्या त्या मोठ्या क्रिकेट मैदानावर एकदम इतकी शांतता झाली, की पलीकडच्या रस्त्यावरच्या बैलगाडीची कुरकुर ऐकू यायला लागली.

यंत्र गवत कापायचं होतं, पण ढकलायचं नव्हे. लहानशा ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं, परदेशातून आणलेलं आणि रंगानं लालभडक. हिंदुराव मैदानाचे राखणदार. यंत्राला ते 'तांबडी' म्हणायचे, गोठ्यातल्या गाईला म्हणावं तसं, आणि तिच्याशी बोलायचेसुद्धा. तांबडीचं इंजिन तेल प्यायला लागलं म्हणून कारखान्यानं ते आमच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. आम्ही ते पार सुटं करून नव्यानं बांधलं आणि त्या सकाळी पहिल्यांदा मैदानावर आणून सुरू केलं. गारव्यात पहिली फेरी झकास झाली. हिंदुरावांनी आनंदानं शीळही घातली. मग इंजिन तापलं आणि त्यांच्या गुडघ्यासमोरचा दिवा लागला.

तो दिवा तेलाच्या दाबाचा. इंजिनात तेल नुसतं भरून भागत नाही. आतला पंप ते दाबून फिरत्या भागांपर्यंत नेतो. दाब कमी पडला की दिवा लागतो. तरीही कुणी यंत्र तसंच दामटलं, तर धातूला धातू घासतो आणि नवं बांधलेलं इंजिन भंगारात जातं.

"माला, तेल बघ," मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा लोहार. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

मी पट्टी काढून बघितली. "बरोबर आहे, मामा. खुणेला टेकलंय."

"पातळ झालंय काय?"

"तुम्ही सांगितलेलंच ओतलंय, आबा," संपत म्हणाला. संपत माझा नवरा. "तेलाचा काय संबंध न्हाई. वायर तरी गेली असंल न्हाईतर दिव्याचं बटन."

त्यानं दाबाचं बटन काढलं आणि त्या जागी काट्याचं मीटर बसवलं. हिंदुरावांनी पुन्हा चावी फिरवली. आम्ही चौघंही त्या काट्याकडे बघत राहिलो. काटा थोडा वर चढला, जरा थांबला, आणि इंजिन तापत गेलं तसा खाली येत गेला. दिवा खोटं बोलत नव्हता.

"बंद करा," मामा म्हणाले.

संपतनं मीटर हातात धरून बापाकडे बघितलं. "गरम झाल्यावर दाब पडतोय, आबा. म्हंजे..."

"म्हंजे काय ते मला ठावं हाय," मामा म्हणाले आणि टेम्पोकडे चालायला लागले. त्यांचा पाय पाण्याच्या पाईपला अडखळला. तो पाईप हिरव्या गवतावर काळाकुळकुळीत पडला होता. संपतनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

म्हणजे काय, ते त्या मैदानावर हिंदुराव सोडून सगळ्यांना कळलं होतं. इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला फिरता दांडा, ज्या कड्यात फिरतो, त्या कड्याला बुश म्हणतात. क्रँक आणि बुश यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. फट कमी झाली तर क्रँक जाम होतो. जास्त झाली तर तापून पातळ झालेलं तेल तिथून निसटतं आणि दाब पडतो. तांबडीचे बुश बाजारात मिळत नव्हते. मामांनी ते कांस्याच्या तुकड्यातून लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, माझ्याकडून काढून घेतले होते, पण मापं स्वतः घेऊन. दाब पडला याचा सरळ अर्थ मामांचं माप चुकलं, असाच होत होता.

आणि तसं झालं असेल तर मामांचं वर्कशॉप संपलं, हेही ठरलेलं होतं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते चिडायचे. "डोळ्याला सुरी लावून घ्यायला मी काय वेडा हाय?" संपतला इंजिनं बांधायचा धंदाच नको होता. हमरस्त्याला गाळा घ्यायचा, नव्या मोटरपंपांची एजन्सी टाकायची, पांढरा शर्ट घालून काउंटरला बसायचं, असं त्याचं स्वप्न होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. तांबडीचं काम आलं तेव्हा बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी मामाच म्हणाले, "हे इंजिन फसलं तर वर्कशॉपच्या किल्ल्या तुझ्या. मी पुन्हा पाना हातात धरनार न्हाई." मामांनी शब्द दिला की तो कोरलेला. संपतही लगेच "चालंल" म्हणाला. मी भाकरी थापत होते, तशीच थापत राहिले. किल्ल्या संपतच्या झाल्या की माझंही लेथ सुटणार होतं.

मी आयटीआयला मशिनिस्ट झालेली. लग्न ठरवताना ही गोष्ट माझ्या माहेरच्यांनी अर्धी लपवली होती, उगाच पोरगी आगाऊ वाटायला नको म्हणून. पण आमचा लेथवरचा माणूस काम सोडून गेला, आणि एकदा डबा द्यायला गेलेली मी साडीचा पदर खोचून मशीनवर उभी राहिले ती राहिलेच. मामांनी दुसऱ्या दिवशी संपतचा जुना खाकी शर्ट माझ्यासाठी खुंटीला अडकवून ठेवला. तरी एक गोष्ट मला करायची नव्हती. माप. मायक्रोमीटरची लाकडी पेटी मामांच्या टेबलाच्या खणात असायची, आणि तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अगदी संपतनंसुद्धा. मामा आकडा सांगणार आणि मी तेवढं कापणार, अशी आमची पद्धत होती.

दुपारी तांबडीचं इंजिन पुन्हा आमच्या टेबलावर आलं. हिंदुराव टेम्पोबरोबर आलेच. दिवाळीनंतर मैदानावर मोठे सामने होते आणि गवत घोट्यापर्यंत आलेलं, त्यामुळे त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

"मेस्त्री, खंडेनवमीला येवढी पूजा केली आपन हिची," ते म्हणाले. "तरीबी अशी का रुसली?"

"पूजेनं दाब वाढत न्हाई, हिंदुराव," संपत म्हणाला.

"संपत," मामा नुसतं एवढंच म्हणाले.

खंडेनवमीची पूजा ही मामांच्या दृष्टीनं वर्षातली सगळ्यांत मोठी गोष्ट. त्या दिवशी एकही मशीन सुरू करायचं नाही. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, पाने, कानसी, सगळं पुसून, गंध लावून, झेंडूच्या माळा घालून पुजायचं. टेबलावर अर्धवट उघडलेलं इंजिन असेल तर त्यावर धुतलेलं पांढरं कापड घालायचं आणि कापडावरच फूल ठेवायचं. उघड्या इंजिनात हळदीकुंकवाचा कणही जाता कामा नये, हा मामांचा दंडक. कापड एकदा पडलं की खालचं इंजिन स्वच्छ, हे आम्ही सगळे धरूनच चालायचो. यंदा त्या कापडाखाली तांबडी होती. हिंदुराव फेटा बांधून, घरून स्वतःचं ताट सजवून आले होते आणि आमची आरती आटपल्यावरही टेबलाशी बराच वेळ रेंगाळत होते. मी प्रसाद वाटण्यात होते.

संपतनं इंजिन खोलायला घेतलं. तेल काढलं, बोल्ट काढले, खालचं झाकण सुटं करून डिझेलच्या ट्रेमध्ये ठेवलं. क्रँक बाहेर काढून पुसला आणि मामांच्या पुढ्यात ठेवला. आता मामा पेटी काढणार, म्हणून आम्ही बाजूला झालो.

मामांनी खण उघडला. पेटी काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि टेबलावर ठेवून दिली. उघडली नाही.

"माला," ते म्हणाले, "तू घे माप."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी?"

"तूच. माझ्या डोळ्यावर आता जाऊ नगंस. काय असंल ते खरं सांग."

संपतच्या हातातला पाना तसाच राहिला. इतकी वर्षं हा माणूस बापाला चुकलात म्हणून दाखवायला टपलेला, पण त्या क्षणी त्याचाही चेहरा उतरला. मला तर रडूच येईल असं वाटलं. रडत माप घेता येत नाही, म्हणून मी नळावर जाऊन हात स्वच्छ धुतले.

पेटीच्या आत हिरवी मखमल होती, कडेला झिजलेली. मायक्रोमीटर हातात घेतला तर तो इतका हलका फिरत होता, की माझ्या आयटीआयमधले सगळे त्याच्यापुढे खेळणी वाटले. आधी क्रँकचं माप घेतलं. मग गेज घालून बुशचं आतलं माप घेतलं. एकातून दुसरं वजा केलं की फट मिळते. मागच्या बुशची दोन थाऊ आली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन म्हणजे अगदी हवी तेवढी. मग पुढचा बुश घेतला. आकडा बघितला. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा घेतला, आणि मग परत एकदा.

चार.

दोन-अडीच उत्तम. तीनपर्यंत चालतं. चारला इंजिन चालेल, पण एका हंगामात खुळखुळायला लागेल. मात्र आम्ही मैदानावर काटा जेवढा खाली येताना बघितला होता, तेवढा दाब एकट्या चारानं पडत नाही. हे माझ्या डोक्यात आलं, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात मागून संपत ओरडला.

"आबा! हे बघा काय सापडलं! आयला, हे बघा!"

तो झाकण धूत होता. त्या झाकणात एक छोटी झडप असते. एक पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग. दाब फार वाढला तर गोळी मागे सरकते आणि जास्तीचं तेल सोडून देते. एरवी ती आपल्या भोकावर घट्ट बसलेली असते. संपतनं ती गोळी काढली होती आणि त्याच्या काळ्या बोटाच्या टोकावर तांदळाचा एक दाणा होता. तेलानं माखलेला, पण कुंकवाचा रंग ओळखू येत होता.

अक्षता.

"दाणा गोळीखाली अडकलेला, आबा!" संपत म्हणाला. "गोळी बसंल कशी? सगळं तेल हिथनंच पळत होतं!"

"पन आत गेला कसा?" मी म्हटलं. "कापड होतं की वर."

मग हळूहळू आम्ही तिघांनी हिंदुरावांकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि तिची घडी घालत होते.

"मीच कापड उचललं हुतं," ते म्हणाले. "जरासं. तुमी सगळी परसादाकडं गेलासा तवा. मेस्त्री, कापडाला काय अक्षता टाकायच्या? तिच्या अंगावर नकोत काय पडायला? वर्साचा सण. म्हटलं तोंड तरी बघावं तिचं. पुन्ना कापड हुतं तसं नीट घातलं बगा."

"नीट घातलं!" संपत म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. "आणि मी म्हटलं, कापडाखालचं हाय, फुंकर कशाला मारायची. गोळी टाकली आणि बोल्ट आवळला!"

मग मीही हसले. हिंदुराव आधी घाबरले होते, तेही हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. संपतनं बापाचा खांदा धरून हलवला. "सुटलासा की आबा! तुमचा बुश न्हवं, हिंदुरावांची भक्ती आडवी आली." त्याचा आनंद खरा होता. किल्ल्या हातच्या चालल्या होत्या, तरी खरा होता. त्याच्यावर तेव्हा माझा फार जीव आला.

मामा हसले नाहीत. त्यांनी तो दाणा संपतच्या बोटावरून उचलला, कपाळाला लावला आणि खिशात टाकला.

"जावा, मिसळ खाऊन या," ते म्हणाले. "हिंदुरावांनी दुपारपास्नं काय खाल्लं न्हाई. माला हिथलं आवरंल."

ते दोघं हसतहसत गेले. वर्कशॉपमध्ये मामा आणि मी राहिलो. मी मायक्रोमीटर पुसून मखमलीत ठेवला आणि झाकण लावायला लागले.

"पुढच्या बुशचं किती आलं?" मामांनी विचारलं.

माझा हात थांबला. दाणा सापडला होता. तो काढला की दिवा विझणारच होता. इंजिन हंगामभर मजेत चाललं असतं, मामांचा मान राहिला असता, वर्कशॉप राहिलं असतं, माझं लेथ राहिलं असतं. अडीच म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं. आणि मामांना कळलंही नसतं, कारण त्यांना ती बारीक रेघ दिसतच नव्हती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात पेटी दिली होती, आणि तिच्यातून पहिलंच माप खोटं काढायचं मला जमेना.

"चार," मी म्हटलं.

"पुन्हा घेतलंस?"

"तीनदा घेतलं, मामा. चारच."

ते स्टुलावर बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पुसून काही फरक पडणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मला अडीच दिसलं हुतं," ते म्हणाले. "एका रेघेच्या दोन दिसायच्या. म्यां मधलं धरलं."

"चारला चालतं की मामा," मी म्हटलं. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"चालतं," मामा म्हणाले. "पन आपल्या हिथं न्हाई चालत."

संपत आणि हिंदुराव परतले तेव्हा लेथवर कांस्याचा नवा तुकडा बांधलेला होता आणि मी लेथच्या हत्याराला धार लावत होते. संपत दारातच थांबला.

"हे काय? दाणा सापडला की!"

"पुढचा बुश नवा करायचा हाय," मामा म्हणाले.

"कशाला?"

"माप चुकलं हुतं. माझं." हे त्यांनी हिंदुरावांसमोर, गिऱ्हाइकासमोर, अगदी मोकळ्या आवाजात सांगितलं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर संपतच्या बाजूला ठेवला. "शब्द दिलेला. घे."

संपतनं किल्ल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लेथकडे बघितलं. मला वाटलं आता तो उचलणार. त्याचा हक्कच होता.

"पन इंजिन कुठं फसलं, आबा?" तो म्हणाला. "फसायच्या आधीच घावलं की. हिनं धरलं न्हवं का?"

आपला मुलगा पुढं काय म्हणतो याची मामा वाट बघत होते, पण संपतला तेवढंच म्हणायचं होतं. मग मामांनी मायक्रोमीटरची पेटी उचलली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"आजपास्नं मापं मालाची," ते म्हणाले. "बांधनार मी. हाताला अजून काय झालेलं न्हाई."

दोन दिवसांनी आम्ही मैदानावर गेलो. हिंदुरावांनी पूर्ण मैदानाला फेऱ्या मारल्या, इंजिन तापून लाल झालं असेल, पण दिवा विझला तो विझलाच. पुढच्या खंडेनवमीला ते आले तेव्हा अक्षता घरीच ठेवून आले आणि एक झेंडूचं फूल दाखवून म्हणाले, "कापडावरच ठेवतो, वैनी. शपथ."

संपतनं पुढं गाळा घेतला, एजन्सी टाकली, पांढरा शर्टही घातला. माझं आणि मामांचं वर्कशॉप होतं तिथंच राहिलं. आणखी दोन वर्षांनी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अन्नपाणी सोडायची धमकी दिली तेव्हा कुठं मामांनी मोतीबिंदू काढून घेतले. आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. पट्टी निघाल्यावर ते वर्कशॉपमध्ये आले आणि दारात उभं राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी मोठ्यानं वाचून दाखवली. मी लगेच खणातून पेटी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती घेतली, उघडून बघितली, मायक्रोमीटरवरच्या रेघा उजेडात धरून नीट न्याहाळल्या. "बारीक हाईत," म्हणाले. मग पेटी बंद करून माझ्याच खणात परत ठेवली.

त्यानंतरही त्यांनी कितीतरी इंजिनं बांधली. दरवेळी क्रँक पुसून माझ्यापुढे ठेवायचे, पाठ फिरवून पाने लावत बसायचे आणि मागं न बघता विचारायचे, "माला, किती?"

मी आकडा सांगायची. त्यांनी तो कधी पडताळून बघितला नाही.